मॅटच्या कडेची फरझाना

आमच्या फरझानाने पेणच्या कराटेवाल्या सुजय सरांचा डोळा फोडला, ही बातमी रोह्याला दुपारच्या गाडीने आली. पेण स्टेशनात चढली तेव्हा ती नुसती बाचाबाची होती. कासूला तिच्यात कॅमेरा आला. नागोठण्याला तो कॅमेरा सरांच्या तोंडावर बसला. निडीला टाके पडले, आणि रोह्याला उतरून अष्टमीत आमच्या आळीत पोचेपर्यंत सरांचा उजवा डोळा गेलेला होता. मासळीवाल्या हौसाने तर पापलेटाचे कल्ले उघडून दाखवता दाखवता मला सांगितलं, "डॉक्टरानी डोला बर्फात ठेवलाय म्हनं."

सगळं खोटं. सुजय सरांचे दोन्ही डोळे जागच्या जागी आहेत आणि पूर्वीसारखेच लोकांकडे वरून खाली बघतात. फुटली ती त्यांच्या गॉगलची एक काच. फरझानाने डोळा फोडला नाही, मिटलेल्या डोळ्याचा फोटो काढला. सरांना विचाराल तर ते म्हणतील, फोडला असता तर परवडलं असतं.

फरझाना माझी शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक दगडी गडगा आहे आणि आमचं सगळं आयुष्य त्या गडग्यावरून भांडण्यात गेलं. माझ्या शेवग्याचा पाला तिच्या अंगणात पडतो, तिच्या कोंबड्या माझ्या अळवात शिरतात. दोघींनाही हे थांबवता येईल, पण मग दिवसभर बोलायचं काय? आळीत तिच्याशी भांडण न झालेला एकच इसम होता, पेशइमामांचा म्हातारा बोकड, आणि तोही मागच्या बकरी ईदला गेला.

तिचा नवरा महमूद कुवेतला एका कंपनीत आहे. घरावर माडी चढवायची ठरली तेव्हा त्याने कॅमेरा पाठवला. म्हणाला, काम कसं चाललंय त्याचे फोटो मला पाठवत जा. बाईने पाठवले. गवंडी विडी ओढताना, गवंडी सिमेंटच्या गोणीवर घोरताना, गवंडी वाळूत बोटाने रेघोट्या मारताना. महमूदने तिकडून फोनवर गवंड्याची खरडपट्टी काढली आणि गवंडी थापी टाकून गेला. माडी अजून अर्धी आहे. तिच्या उघड्या सळ्यांवर फरझाना कपडे वाळत घालते आणि कोणी विचारलं की सांगते, "मी काय करू? काम चाललेलं नव्हतं, मग चाललेलं कुठून दाखवू?"

ही तिची पहिली खोड. दुसरी खोड नाही, कारण एवढी एकच पुरते.

पुढे ती लग्नाचे फोटो काढायला लागली. बायकांच्या बाजूला बाई फोटोग्राफर हवीच असते, त्यामुळे बोलावणी बरी येत. ती सगळी एका दुपारी कोलाडच्या लग्नात संपली. नवरीची मावशी सारखी पाठीमागून म्हणत होती, नवरीला हसायला सांग, नवरीला हसायला सांग. फरझाना खाली कॅमेऱ्यात बघत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नवरा बघितलाय मी. तिला हसायला काय कारण नाय." त्यानंतर कोलाडपासून पेणपर्यंत तिला कोणी लग्नाला बोलावलं नाही. जेवायलासुद्धा नाही.

राहिलं ते कराटे. तेही मुलामुळे मिळालेलं. तिचा फैजल लहान असताना सुजय सर आठवड्यातून दोनदा पेणहून रोह्याला क्लास घ्यायला यायचे. फरझाना फैजलला घ्यायला म्हणून जायची आणि बसल्या बसल्या फोटो काढायची. फैजलने पट्टा सोडला, मिशा राखल्या आणि बापाच्या कंपनीत शिफ्टला लागला. आई मॅटच्या कडेलाच राहिली. जिल्ह्यात कुठेही स्पर्धा असो, पेण, रोहा, अलिबाग, फरझाना ओढणी कमरेला खोचून, सलवारीच्या आत फैजलचे जुने नी-कॅप चढवून, मॅटच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेली असणारच. आजूबाजूला पोरं 'कियाय' म्हणून किंचाळतायत, आया बाकांवर उभ्या राहून पंचांना शिव्या देतायत, आणि ही बाई मांजरासारखी गप्प. तिला गप्प बघायचं असेल तर तेवढी एकच जागा होती. म्हणून मी कधीकधी तिकीट काढून स्पर्धेला जायची.

तिचे फोटो मात्र बघण्यासारखे. पोरगी हवेत, तिची वेणी तिच्याहून वर, समोरचीच्या गालाला टाच लागायला पोस्टकार्डाइतकी जागा उरलेली. मी एकदा विचारलं, एवढ्या झटक्यात तुला दिसतं कसं गो? ती म्हणाली, "दिसली म्हणजे उशीर झाला. उभ्या पायाची टाच फिरली की दाबायचं. लाथ मागून येतेच." आणि लगेच, "तुझ्या शेवग्याचं पण तसंच. वारा सुटला की मी झाडू घेऊन उभी."

आता सुजय सर. पेणला त्यांचा मोठा क्लास आहे आणि क्लासच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'डोळा मिटला की डाव सुटला.' समोरून हात आला की डोळा मिटणारच, पण मिटू द्यायचा नाही, हीच सरांची सगळी विद्या. नवीन पोर आलं की सर त्याच्या नाकासमोर टाळी वाजवतात आणि ते डोळे मिटतं. मग सर त्याच्या आईसमोर त्याला बैठका मारायला लावतात. आमच्या आळीतली अर्धी पोरं टाळीला न मिटणारे डोळे घेऊन हिंडतात. रात्री तसेच झोपतात की काय कोण जाणे.

आणि कराटेवाल्यांचा एक रिवाज आहे. प्रत्येक क्लासच्या फ्लेक्सवर सर हवेत उडालेले असतात. उडालेला माणूस प्रत्यक्षात प्लास्टिकच्या स्टुलावर एक पाय ठेवून उभा असतो. फोटो काढून झाला की फ्लेक्सवाला ते स्टूल पुसतो आणि खाली डोंगर नाहीतर वाघ घालतो. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही. सुजय सरांनी फरझानाला तसा फोटो काढायला सांगितलं तर ही म्हणाली, "स्टूल दिसणार."

"फ्लेक्सवाला नितेश पुसेल ना, भाभी."

"मग फोटो नितेशचा. त्यालाच बसवा कॅमेरा घेऊन."

सर चिडले. मे महिन्यातल्या शिबिरात, पालकांच्या देखत म्हणाले, "ठीक आहे. मी खरोखरची मारतो, तुम्ही खरोखरचा काढा." दोन थोराड पोरांनी मंगलोरी कौलांची चळत समोर धरली. सर पळत आले, उडाले आणि कौलांचा चुरा झाला. टाळ्या पडल्या. ते सगळं खरं होतं, त्यात खोट नाही. माणूस लाथ मारतो चांगली.

फोटोही तसाच आला. कौलाच्या फोडी हवेत तरंगतायत, लाल धुरळ्यात सरांची टाच, कौल धरणाऱ्या पोरांच्या माना मागे. आणि मधोमध सरांचा चेहरा. डोळे गच्च मिटलेले, नाक मुरडलेलं, एरंडेल पाजताना पोर करतं तसं.

"दुसरा दाखवा," सर म्हणाले.

"सरावाचे पण काढलेत," ती म्हणाली. "सगळ्यात मिटलेत. पळायला लागल्यापासूनच मिटताय तुमी."

हे तिने पालकांच्या घोळक्यात उभं राहून सांगितलं. तिला वाटलं ती माहिती देतेय. मग संध्याकाळी नेहमीप्रमाणे शिबिराचे सगळे फोटो क्लासच्या ग्रुपवर टाकले, त्यात तोही. मग क्लासमधल्या इशिताच्या आईने, नम्रताने, एक हसणारं तोंड टाकलं आणि लगेच खोडलं. खोडेपर्यंत सगळ्यांनी बघितलं होतं. मी तर क्लासच्या ग्रुपवर नाही, तरी मला तासाभरात कळलं.

खरा घोटाळा सरांनी पुढे स्वतःच्या हाताने केला. गुरुपौर्णिमेला फ्लेक्स लावायचा होता. लाथ तर झकास आलेली, सोडवेना. तेव्हा ते तोच फोटो घेऊन नितेशकडे गेले आणि म्हणाले, फक्त डोळे उघडून दे.

नितेश पेणला फ्लेक्स छापतो, पण मूळचा हमरापूरचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या गणपती रंगवण्याचं काम, आणि नितेश त्यांच्यातला आखणीवाला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारा. आषाढात गणपतीच्या कारखान्यांतून मान वर करायला फुरसत नसते. दिवसा डोळे, रात्री डोळे. त्याच हाताने त्याने कॉम्प्युटरवर सरांचे डोळे उघडले.

पेणच्या नाक्यावर फ्लेक्स चढला आणि लोक थांबायला लागले. पाय डोक्याच्या वर, तोंड वासलेलं, दात दिसतायत, आणि त्यावर लांबट, शांत, अर्धवट मिटलेले, कडांना किंचित लालसर असे डोळे. भक्तांवर कृपा करणारे. कुठूनही बघा, सर तुमच्याकडेच बघतायत आणि तुमचं भलं चिंततायत. तळकोकणातून आलेल्या एका म्हातारीने चप्पल काढून हात जोडले. दुसऱ्या दिवशी खाली जास्वंदीचं फूल होतं, तिसऱ्या दिवशी दूर्वांची जुडी. ही मात्र म्हातारीची भक्ती नव्हती, सरांच्याच क्लासची थोराड पोरं होती. वर्गात सर आले की मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच विचारायचं, "सर, विसर्जन कुठल्या दिवशी?"

नितेशने हात वर केले. "सर म्हणाले डोळे उघड. डोळे म्हटले की हाताला हेच येतात. दुसरे मी कधी काढलेच नाय." फ्लेक्स उतरवला, पण पेणचं हसू कोण उतरवणार? आणि सरांच्या डोक्यात बसलं की हे सगळं फरझानानेच नितेशला शिकवलं. तिचा नितेशशी संबंध एवढाच, की त्याने एकदा तिच्या फोटोखाली वाघ घातला होता आणि तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

पट्ट्यांच्या परीक्षेच्या दिवशी पेणला भडका उडाला. ही मॅटच्या कडेला गुडघे टेकून बसलेली. सर आले आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर पंजा ठेवला.

"उठा, भाभी."

"हात काढा. बोटांचे ठसे उठतात."

"पेणभर माझं हसं केलंत तुम्ही."

"मी नाय केलं. मी तुमचे डोळे जसे होते तसे दिले. उघडायला तुमी गेलात."

सरांनी हात काढला नाही, तेव्हा तिने कॅमेरा हिसडला. त्याचा पट्टा सरांच्या गळ्याशी लटकवलेल्या गॉगलला लागला, गॉगल खाली पडला आणि मागे सरलेल्या सरांच्याच टाचेखाली त्याची काच गेली. दुपारच्या गाडीला बातमी मिळाली ती इथे.

सरांनी मात्र पोलीस नाही, पट्टी नाही, वेगळाच डाव टाकला. रोह्याला जिल्ह्याची स्पर्धा व्हायची होती, आणि स्पर्धेच्या कमिटीत मॅटजवळ कोण बसणार हे ठरवणारे तेच. त्यांनी निरोप पाठवला, ग्रुपवर दोन ओळी लिहा: माझा फोकस चुकल्यामुळे फोटो खराब आला आणि सरांचे डोळे मिटलेले दिसले. लिहिलं तर बसा. नाहीतर रोह्यात नाही, पेणला नाही, जिल्ह्यात कुठेच नाही.

फोकस चुकल्याने डोळा मिटतो, हे शास्त्र मी तेव्हाच ऐकलं. पण बाकी सगळी आळी तिला सांगायला लागली, लिही गो. तिच्या हातातलं तेवढंच तर उरलं होतं. लग्नं गेलेली, फैजल गेलेला, माडी अर्धी. महमूदने कुवेतहून व्हिडिओवर सांगितलं, "लिही दोन ओळी. तुझं काय जातं?"

"तुमचं काय जातं ते सांगा," ती म्हणाली. "तुमी तिकडे एसीत." आणि फोन पालथा घातला.

मी गडग्यावरून म्हटलं, "फरझाना, खोटं बोलायला तुला येत नाही, मी लिहून देते हवं तर."

"तू आधी तुझ्या पाल्याचं बघ."

पण त्या दिवसांत मी बघितलं, ती अंगणात पालथी पडून कोंबड्यांचे फोटो काढत होती. दोन कोंबडे एकमेकांवर उडाले की क्लिक. पुन्हा टपून बसायची, पुन्हा क्लिक. पिसं तिच्या तोंडावर. मला गडग्यावर बघून म्हणाली, "बघतेस काय? कोंबडेसुद्धा डोळे उघडे ठेवून मारतात." पुढे काही भांडली नाही, उठून आत गेली. ती भांडण अर्धं टाकून गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली आणि मला ते आवडलं नाही.

तिने दोन ओळी लिहिल्या नाहीत. स्पर्धेच्या सकाळी मात्र घरातून निघाली. चालताना गुडघ्यापाशी सलवार फुगलेली, म्हणजे आत नी-कॅप चढवलेले. मी काही बोलले नाही. एवढी मी बरी आहे.

ती माझ्या शेजारी, बायकांबरोबर वर गॅलरीत बसली, कॅमेरा मांडीवर पिशवीत. खाली तिच्या कोपऱ्यात पेणचा कान्हू. तो वाढदिवस आणि डोहाळजेवणं करतो, स्वभावाने गोड. लाथ चुकली की तो पंचांच्या देखत पोरांना सांगायचा, "बाळा, परत एकदा मार, आणि माझ्याकडे बघून." पहिल्या सामन्यापासून त्याचा फ्लॅश चालू. मॅटवर फ्लॅश मारायचा नसतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी सांगायचं ते सर त्याच्याकडून स्वतःचे फोटो काढून घेत होते.

मग इशिताचा सामना आला. समोर अलिबागची एक उंच पोरगी. इशिता पुढे होती. शेवटाला अलिबागवालीने पाय उचलला, आणि त्याच क्षणी कान्हूचा फ्लॅश इशिताच्या तोंडावर. तिचे डोळे मिटले, लाथ थेट कानशिलावर. पोरगी मॅटवर बसली आणि सामना गेला.

पंच कान्हूवर ओरडले. सर इशितावर ओरडले. "डोळा का मिटलास? काय लिहिलंय भिंतीवर?"

नम्रता बाकावरून उठली. ती शांत बाई आहे, ग्रुपवर स्वतःचं हसूसुद्धा खोडते. म्हणाली, "सर, तिने मिटला तर डाव सुटतो, आणि तुम्ही मिटलात तर नाक्यावर फ्लेक्स लागतो?"

हॉलमध्ये आधी कुठेतरी एक हसलं, मग सगळे. आया उठल्या. "फरझानाभाभीला बसवा," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "नाहीतर आमच्या मुली आम्ही उतरवतो खाली." कान्हू बिचारा आपणहून कोपऱ्यातून उठला आणि म्हणाला, "बसूदे तिला. मला तसंही पाचला डोहाळजेवण आहे."

सर गॅलरीच्या जिन्याशी आले. मान ताठ, पण गळ्याला आता गॉगल नव्हता. खालूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "या, भाभी. जागा मोकळी आहे. लिहू नका, माफीही नको. सगळ्यांसमोर एवढंच बोला, की तो फोटो खराब आला होता. बोला आणि बसा."

एवढं सोपं करून दिलं माणसाने. मी तिला कोपराने ढोसलं. नम्रता खालून बघत होती, इशिता कानावर बर्फ धरून बघत होती. फरझाना उभी राहिली, ओढणी कमरेला खोचली. मला वाटलं, चालली.

ती त्या दिवशी खाली बसली नाही, हे आताच सांगून टाकते. त्यानंतरही नाही. सर त्या जागेवर अजून कान्हूलाच बसवतात, फ्लॅशवर चिकटपट्टी लावून. फरझाना तिकीट काढून गॅलरीत बसते आणि कठड्यावरून फोटो काढते. तिच्या फोटोंत हल्ली खाली लोकांची डोकी येतात, त्यामुळे समोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या केसांशी तिचं नवं भांडण सुरू आहे. आया तरीही तिच्याकडूनच फोटो मागवतात, पण मॅटच्या कडेवरून दिसायची ती टाच आता दिसत नाही. ती म्हणते दिसते. नाही दिसत.

पण त्या दिवशी सर जिन्याशी वाट बघत उभे होते. तिने कठड्यावर हात ठेवला, खाली वाकून त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "फोटो चांगला आलाय, सर. खराब तुमी आलात."